अभ्यासासाठी टॅब: पंधरा हजारांचा, पस्तीस हजारांचा की साठ हजारांचा?

आपण लिहिले आहे की धाकटी बहीण पुण्यात कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेची तयारी करते आहे, दिवसाचे आठ-दहा तास अभ्यासिकेत बसते आणि आतापर्यंत मोबाइलच्या छोट्या पडद्यावर पीडीएफ वाचून तिचे डोळे दुखू लागले आहेत. क्लासची ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने पाहणे, पीडीएफ वाचणे आणि शक्य झाल्यास टिपणेही टॅबवरच काढणे, अशी तिची गरज आहे. आपल्यासमोर रेडमी पॅड एसईसारखा पंधरा हजारांच्या आतला टॅब, साधा आयपॅड आणि आयपॅड एअर असे तीन पर्याय आहेत. दुकानदाराने एअरचा आग्रह धरला आहे आणि ‘एकदाच चांगले घेतले तर पाच वर्षे बघावे लागणार नाही’ हे त्याचे म्हणणे आपल्याला पटू लागले आहे. पुण्यात टॅब आणि लॅपटॉप दुरुस्तीचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, आणि माझ्या टेबलावर येणाऱ्या टॅबांपैकी बरेचसे अशाच विद्यार्थ्यांचे असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न मिसळले आहेत. पहिला असा की जास्त पैसे दिल्यावर तिच्या रोजच्या कामात नेमका कोणता फरक पडेल, आणि दुसरा असा की जास्त पैशांचा टॅब जास्त टिकेल का. या दोन्हींची उत्तरे एकाच दिशेने जात नाहीत, आणि दुकानात ती एकच असल्यासारखी सांगितली जातात.

किमतींबद्दल आधी एक खुलासा करतो. पुढे मी ज्या किमती देतो आहे त्या त्या-त्या टॅबच्या भारतातील जाहीर झालेल्या सुरुवातीच्या किमती आहेत. रेडमी पॅड एसई एप्रिल २०२४ मध्ये १२,९९९ रुपयांपासून आला. ए१६ चिप असलेला साधा आयपॅड मार्च २०२५ मध्ये ३४,९०० रुपयांना, तर त्याच वेळी एम३ चिपचा ११ इंची आयपॅड एअर ५९,९०० रुपयांना आला. सणासुदीच्या सवलती, बँकेच्या कार्डावरील सूट आणि नंतर आलेली मॉडेल यांमुळे आज दुकानात दिसणारा आकडा वेगळा असू शकेल, पण या तीन थरांमधील अंतर साधारण असेच राहते आणि माझे म्हणणे त्या अंतराविषयी आहे.

सुरुवात वाचनापासून करू, कारण दिवसातला सर्वांत जास्त वेळ त्यातच जाणार आहे. स्पर्धा परीक्षेचे साहित्य म्हणजे बहुतांशी ए४ आकाराची पाने: क्लासच्या नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका, अहवाल, आणि बऱ्याचदा कुणीतरी मोबाइलने किंवा स्कॅनरने काढलेल्या पुस्तकांच्या प्रती. अशा पानांतील अक्षर ई-पुस्तकासारखे हवे तसे मोठे करता येत नाही. पान जेवढे दिसेल तेवढेच अक्षर दिसते. म्हणून पडद्याच्या इंचांपेक्षा त्याची रुंदी किती, हे महत्त्वाचे ठरते. ए४ कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो. टॅब उभा धरला तर १६:१० प्रमाणातील ११ इंची पडदा सुमारे १४.८ सेंटिमीटर रुंद भरतो, म्हणजे पान मूळ आकाराच्या ७० टक्के दिसते. आयपॅडचा पडदा कागदावर जवळपास तेवढ्याच इंचांचा असूनही थोडा चौकोनाकडे झुकणारा आहे. त्याची रुंदी १५.७ सेंटिमीटरच्या आसपास येते आणि पान ७५ टक्के दिसते. याउलट ८.७ इंची टॅब, जे स्वस्त आणि हलके म्हणून पुष्कळ जण घेतात, त्यांवर तेच पान ५४ टक्क्यांवर येते. इंग्रजी मजकूर एवढ्या आकारात कसाबसा वाचता येतो, पण देवनागरीत अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरे यांचा गिचका होतो, आणि दिवसभर बोटांनी पान मोठे-लहान करत बसावे लागते. त्यामुळे साधारण ११ इंचांच्या खाली जाऊ नये, एवढे मी ठामपणे सांगतो, मग टॅब कोणत्याही किमतीचा असो.

पडद्यातील ठिपक्यांची घनताही पाहावी. ११ इंची पडद्यावर १९२० बाय १२०० इतके ठिपके असतील तर इंचाला सुमारे २०६ ठिपके पडतात. आयपॅडमध्ये ते २६४ आहेत. स्वच्छ छापील पीडीएफमध्ये हा फरक जाणवतो, पण धूसर स्कॅन केलेल्या प्रतीत मुळातच तपशील नसल्यामुळे महागडा पडदा तो निर्माण करू शकत नाही. साध्या आयपॅडचा आणि ११ इंची एअरचा पडदा घनतेच्या बाबतीत सारखाच आहे, हे मात्र लक्षात ठेवावे: वाचनासाठी पंचवीस हजार जास्त देऊन अक्षर मोठे होत नाही आणि ठळकही होत नाही. पान खरोखर मोठे हवे असेल तर १३ इंची एअरकडे जावे लागते, तिथे ए४ पान सुमारे ८८ टक्के दिसते, पण त्याची किंमत ७९,९०० रुपयांपासून सुरू झाली होती आणि अभ्यासिकेच्या अरुंद टेबलावर वही, पुस्तक आणि तेवढा टॅब एकत्र मावत नाही.

व्याख्यानांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. तिन्ही टॅब ती उत्तम दाखवतात. इथे चिपच्या वेगाचे जे आकडे ऐकवले जातात ते तिच्या कामाशी संबंधित नाहीत. अडचण येते ती एका बाजूला व्याख्यान आणि दुसऱ्या बाजूला पीडीएफ उघडे ठेवल्यावर. ४ जीबी रॅम असलेला अँड्रॉइड टॅब अशा वेळी मागचे अ‍ॅप बंद करून टाकतो आणि परत गेल्यावर पीडीएफ पहिल्या पानापासून उघडते. रोज पंचवीस वेळा हे झाले की माणूस वैतागतो. म्हणून स्वस्त थरातच घ्यायचे ठरले तर किमान ६ जीबी, जमल्यास ८ जीबी रॅमचे रूप घ्यावे, आणि खोक्यावर ‘वाढीव मेमरी’ म्हणून जी बेरीज छापलेली असते ती धरू नये, कारण ती साठवणुकीतील जागा उसनी घेऊन केलेली असते आणि खऱ्या रॅमच्या वेगाने चालत नाही.

साठवणूक १२८ जीबी असावी. मध्यम दर्जाने उतरवून घेतलेले तासाभराचे व्याख्यान साधारण ३०० ते ५०० एमबी जागा घेते. शंभर व्याख्यानांनी पन्नास जीबीपर्यंत मजल जाते आणि ६४ जीबीच्या टॅबमध्ये प्रणालीचा वाटा वजा केल्यावर तेवढेही उरत नाही. मेमरी कार्डावर विसंबू नये. क्लासची बरीच अ‍ॅप व्याख्याने चोरीला जाऊ नयेत म्हणून अंतर्गत साठवणुकीतच ठेवतात.

आता टिपणांचा मुद्दा, आणि माझ्या मते या संपूर्ण निवडीचा कणा हाच आहे. पंधरा हजारांच्या थरातील बहुतेक टॅबच्या पडद्यात लेखणी ओळखणारी यंत्रणाच नसते. तीनशे रुपयांना मिळणारा रबरी टोकाचा पेन टॅबला बोटासारखाच वाटतो. लिहिताना तळहात पडद्यावर टेकला की रेघोट्या उमटतात आणि हात अधांतरी धरून दोन ओळींपलीकडे लिहिता येत नाही. पुढे केव्हातरी चांगला पेन घेऊ, असे म्हणून असा टॅब घेणारे हमखास फसतात, कारण जी यंत्रणा पडद्यात नाही ती नंतर विकत घेता येत नाही. सॅमसंगच्या स्वतःच्या रांगेतही हाच भेद आहे: गॅलक्सी टॅब ए९ प्लस हा ‘एस पेन’ ही सॅमसंगची लेखणी ओळखत नाही, तर टॅब एस१० एफई ओळखतो आणि पेन त्याच्या खोक्यातच येतो.

आपल्या यादीत हा एस१० एफई नाही आणि तो असायला हवा होता. एप्रिल २०२५ मध्ये तो ४२,९९९ रुपयांना आला. वरवर पाहता साध्या आयपॅडपेक्षा आठ हजारांनी महाग. पण आयपॅडच्या किमतीत पेन नसतो. ॲपलचा यूएसबी-सी पेन्सिल ७,९०० रुपयांना जाहीर झाला होता, आणि ३४,९०० मध्ये तो मिळवला की ४२,८०० होतात. म्हणजे टिपणे काढायची असतील तर हे दोन टॅब एकाच किमतीचे आहेत. इतर कंपन्यांचे आयपॅडवर चालणारे पेन दीड-दोन हजारांत मिळतात, तळहात टेकला तरी चालतात आणि अक्षर लिहिण्यापुरते पुरतातही, त्यामुळे आयपॅडची बाजू थोडी स्वस्त करता येते. त्यांची बॅटरी किंवा टोक वर्षभरात कुरकुरू लागते, एवढे गृहीत धरावे. एस पेनला लिहिण्यासाठी बॅटरीच लागत नाही, कारण त्याला लागणारी ऊर्जा पडद्याखालच्या थरातून मिळते. ॲपलच्या यूएसबी-सी पेन्सिलमध्ये दाब ओळखण्याची सोय नाही, पण ती चित्रकाराला लागते, टिपणे काढणाऱ्याला नाही.

टिपणांच्या संदर्भात एक सावधगिरी. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे तिला तासन्‌तास कागदावर हाताने लिहायचे आहे. गुळगुळीत काचेवर लिहिण्याचा सराव त्या कामी येत नाही. हाताचा वेग, ओळ आणि दमणूक सगळेच वेगळे असते. टॅबवर पीडीएफच्या समासात खुणा कराव्यात, छोटी टिपणे आणि नकाशे काढावेत; उत्तरलेखन मात्र वहीतच करावे. तसेच हाताने लिहिलेल्या मराठी टिपणांतून नंतर शब्द शोधता येतील, या भरवशावर कोणताही टॅब घेऊ नये. दुकानातच आपल्या नेहमीच्या अक्षरात ‘अर्थसंकल्प’ किंवा ‘पंचायतराज’ असे चार शब्द लिहून पाहावेत आणि शोध चालतो का ते स्वतः तपासावे.

मग एअरसाठीचे पंचवीस हजार नेमके कशासाठी? त्यात एम३ चिप आहे, ८ जीबी रॅम आहे, रंग अधिक व्यापक दिसतात, दाब ओळखणारा महागडा पेन चालतो आणि पडदा काचेला चिकटवलेला असून त्यावर प्रकाशाची चमक कमी करणारा लेप आहे. चित्रफितींचे संपादन, व्यावसायिक चित्रकाम किंवा संगीताचे काम करणाऱ्याला हे सगळे उपयोगी आहे. आपल्या बहिणीच्या वाट्याला यांतून दोनच गोष्टी येतात. एक, साध्या आयपॅडमध्ये काच आणि पडदा यांच्यात किंचित पोकळी असल्याने पेनाचे टोक आणि उमटणारी रेघ यांत केसभर अंतर दिसते, ते एअरमध्ये दिसत नाही. साध्या आयपॅडवर चार दिवसांत हाताला त्याची सवय होते. दोन, अभ्यासिकेत डोक्यावर ट्यूबलाइट असतात आणि त्यांचे प्रतिबिंब पडद्यावर पडते, तिथे तो लेप खरोखर आराम देतो. पण त्यासाठी काही शे रुपयांचा मॅट स्क्रीनगार्ड हा पुरेसा इलाज आहे. त्याने बारीक अक्षर थोडे मऊ दिसते आणि पेनाचे टोक लवकर झिजते, मात्र लिहिताना कागदासारखा थोडा अडकाव मिळतो, तो बऱ्याच जणांना आवडतो. पंचवीस हजार ही पुण्यात राहणाऱ्या विद्यार्थिनीच्या मेसची बऱ्याच महिन्यांची रक्कम आहे. या दोन सोयींसाठी ती मी खर्च करू देणार नाही.

आता टिकण्याविषयी, म्हणजे दुकानदाराच्या त्या वाक्याविषयी. टॅब दोन प्रकारे निकामी होतो. पहिला प्रकार सॉफ्टवेअरचा. प्रणालीच्या नव्या आवृत्त्या येणे थांबले की काही काळाने बँकेचे, क्लासचे अ‍ॅप ‘हे उपकरण चालत नाही’ असे सांगू लागते आणि धडधाकट टॅब कपाटात जातो. या बाबतीत पैसे मोजल्याचा मोबदला मिळतो, पण तो मधल्या थरातच मिळून जातो. २०१९ च्या साध्या, सातव्या पिढीच्या आयपॅडला २०२४ मधील आयपॅडओएस १८ पर्यंतच्या आवृत्त्या मिळाल्या. त्यानंतरच्या वर्षी तो यादीतून वगळला गेला, पण २०२० चा आठव्या पिढीचा राहिला. एस१० एफईसाठी सॅमसंगने सात वर्षांच्या अद्ययावतीकरणाचे आश्वासन दिले आहे. स्वस्त अँड्रॉइड टॅबच्या बाबतीत दोन-तीन वर्षे हेच वास्तववादी गणित आहे. तिची तयारी दोन-तीन वर्षांची असेल तर तेही पुरेसे ठरू शकते, हे मी नाकारत नाही.

दुसरा प्रकार पडण्याचा, भिजण्याचा आणि चार्जिंगच्या छिद्राचा. इथे किंमत आणि टिकाऊपणा यांचा संबंध जवळपास उलटा आहे. एअर पडला तर साध्या आयपॅडपेक्षा कमी फुटतो असे नाही. फुटल्यावर मात्र तो जास्त खर्चात पाडतो. साध्या आयपॅडमध्ये स्पर्शाची काच आणि आतला पडदा हे दोन वेगळे भाग आहेत, त्यामुळे नुसती काच तडकली असेल तर तेवढीच बदलता येते. एअरमध्ये दोन्ही एकमेकांना चिकटवलेले असल्यामुळे काचेला तडा गेला तरी संपूर्ण संच बदलावा लागतो. जी पोकळी लिहिताना किंचित खटकते तीच दुरुस्तीच्या वेळी पैसे वाचवते. बहुतेक अँड्रॉइड टॅबमध्येही संच एकत्रच असतो; त्यांतील स्वस्त टॅबची आणखी एक अडचण अशी की मॉडेल दोन वर्षांचे झाले की सुटे भाग बाजारात मिळणे दुरापास्त होते, आणि मिळाले तरी पडद्याचा खर्च टॅबच्या उरलेल्या किमतीच्या जवळ जातो. आयपॅडची काच बाहेर बदलताना हलक्या प्रतीचा भाग बसवला तर पेनाची रेघ थरथरत उमटते, म्हणून बदलून झाल्यावर पेनाने तिरप्या रेघा ओढून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पाण्याचा मुद्दा पुण्याच्या पावसाळ्यात गंभीर आहे. जून ते सप्टेंबर या काळात दप्तरात भिजलेले टॅब माझ्याकडे सतत येतात, आणि दप्तरातल्याच पाण्याच्या बाटलीने भिजलेले तर बारा महिने. एस१० एफईला आयपी६८, म्हणजे धूळ आणि पाण्यापासून संरक्षणाचे, मानांकन आहे. आयपॅडला, अगदी एअरलाही, असे कोणतेही मानांकन नाही. बहीण दुचाकीने किंवा पायी अभ्यासिकेत जात असेल तर ही बाब मी पेनाच्या बरोबरीने मोजेन.

मोबाइल नेटवर्कवर चालणाऱ्या रूपाकडे वळू नका. साध्या आयपॅडचे ते रूप ४९,९०० रुपयांना जाहीर झाले होते, म्हणजे मोबाइल नेटवर्कच्या सोयीसाठी पंधरा हजार. मोबाइलचा हॉटस्पॉट तेच काम करतो.

काही गोष्टी आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. तिच्या क्लासचे अ‍ॅप आयपॅडवर नीट चालते का, हे आज संध्याकाळीच विचारून घ्यावे. काही क्लासची अ‍ॅप मुख्यतः अँड्रॉइडसाठी बनवलेली असतात आणि आयपॅडवर ती मोबाइलच्या आकाराच्या चौकटीत उघडतात किंवा मिळतच नाहीत. तसे असेल तर आयपॅडचा विचार तिथेच संपतो. तिला पेनाने लिहायचेच नसेल, म्हणजे वही हातात घेऊन टॅबवर फक्त पाहायचे-वाचायचे असेल, तर मधला थरही नको. ११ इंची, ८ जीबी रॅम आणि १२८ जीबी साठवणुकीचा स्वस्त टॅब घ्यावा आणि उरलेल्या वीस-पंचवीस हजारांत पुस्तके, झेरॉक्स आणि सराव परीक्षांची मालिका आरामात होते. आणि हप्त्यांवर घेणार असाल तर बारा महिन्यांनंतर हातात किती रक्कम गेलेली असेल, प्रक्रिया शुल्क धरून, ते कागदावर लिहूनच ठरवावे.

आपण वर्णन केलेली गरज जशीच्या तशी धरली, म्हणजे व्याख्याने, पीडीएफ आणि पेनाने टिपणे, तर मी टॅब एस१० एफई सुचवेन. क्लासचे अ‍ॅप आयपॅडवर चालत असेल आणि पान थोडे रुंद दिसावे ही तिची इच्छा असेल तर साधा आयपॅड. पेन अजिबात वापरणार नसेल तर स्वस्त टॅब. एअर कोणत्याही परिस्थितीत नाही.

जुना टॅब घेण्याचा विचार मनात आलाच, तर एक पथ्य पाळा. शिकवणी कंपन्यांनी अभ्यासक्रमाबरोबर दिलेले टॅब जुन्या बाजारात खूप फिरतात आणि त्यांतील अनेकांत कंपनीचे नियंत्रण बसवलेले असते. फॅक्टरी रिसेट केल्यावर ते पुन्हा जागे होते आणि आपले कोणतेही अ‍ॅप चालू देत नाही. आयपॅडवर आधीच्या मालकाचे खाते राहिले असेल तर तो उघडतही नाही. म्हणून विक्रेत्यासमोर पूर्ण रिसेट करून, वाय-फायला जोडून, स्वतःच्या खात्याने सुरू झाल्यावरच पैसे द्यावेत. नवा घेत असाल तर बिलावर मॉडेलचे पूर्ण नाव, अनुक्रमांक आणि जीएसटी यांची नोंद आहे ना ते पाहून घ्यावे. वॉरंटीसाठी सेवा केंद्रात खरेदीचा पुरावा म्हणून सर्वांत आधी हेच बिल मागितले जाते.